पाण्यापार सोडलेली मांजरं

टायपिंग क्लासची मशीन मोकळी भेटली म्हणून हे पटापट टाइप करून राह्यलो. मलकापूरहून आमची बस सुटायच्या आत संपवायचं आहे, अन् सांगायचं पुष्कळ आहे.

आमचं गाव रोहिणखेडच्या बाजूचं. धरण झालं, पाणी चढलं, अन् गुरं चारायची टेकडी चारही बाजूंनी पाण्यात गेली. बेट झालं! बुलढाणा जिल्ह्यात बेट, कोणाले खरं वाटंल? मी दर रविवारी, माणसं पलीकडच्या काठावर नेणाऱ्या डोंगेवाल्या चाचासोबत तिकडे जायचो. टेकडीवर बिळं होती. तिथले उंदीर घरातल्यावाणी नाईत. रंग वाळल्या गवताचा, मागचे पाय लांब, शेपटीच्या टोकाले झुपका. ऊन उतरलं की बाहेर येऊन टुणटुण उड्या मारायचे. पाणी चढलं तेव्हा तेही तिथंच अडकले.

मग वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात मले एक लेख सापडला. हिंदी महासागरात ख्रिसमस नावाचं बेट आहे, तिथं एक उंदीर होता. जगात दुसरीकडे कुठंच नाई. माणसाले भीत नसे, अंधार पडला की झुंडीनं फिरे. एकदा जहाजातून गवताच्या भाऱ्यांसोबत परके काळे उंदीर उतरले. त्यांनी कोणता तरी आजार आणला असं म्हणतात. थोड्याच वर्षांत बेटावरचा उंदीर संपला. संपला म्हणजे संपलाच. त्या दिवशी बस अर्धी रिकामी होती तरी माह्यानं बसवलं नाई, उभ्यानंच घरी आलो.

घरी माय खुशीत होती. आपलं पांढरं मांजर एकदाचं पाण्यापार गेलं, म्हणे.

आमच्याकडे मांजर मारत नाईत. मारलं तर काशीले जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागते. म्हणून दुधाले चटावलेलं मांजर पोत्यात घालायचं अन् पाण्यापार सोडायचं. पाणी ओलांडलं की त्याले घराची वाट सापडत नाई. आधी नदी होती, ती निम्मं वर्ष कोरडी, मांजर आपल्या आधी घरी पोचायचं. आता धरणाचं पाणी भेटलं. पण पलीकडच्या काठावर सोडलं तर तिकडचं गाव भांडते. मग कुठं सोडायचं? टेकडीवर.

चाचाले विचारलं तर पाच-सहा घरची मांजरं त्यानंच नेलेली. मी डोंग्यातच त्याले म्हटलं, "चाचा, काऊन नेता? ते तिथले सारे उंदीर खाऊन टाकतील."

"मग मांजर काय हरभरे खाईल बे?"

सारा डोंगा हसला. मी जहाजाची गोष्ट सांगितली. भाजीची टोपली घेऊन बसलेली एक मावशी सगळं नीट ऐकून म्हणाली, "त्या बेटावर आधीच मांजर असतं, तर जहाजातले उंदीर उतरल्या उतरल्याच खाल्ले असते. तुह्या त्या उंदराचा जीव वाचला असता ना."

मायले म्हटलं, आपलं मांजर वापस आणतो. ती म्हणाली, आण, त्याच्या वाटचं दूध तुह्यातून कापीन. मी पोतं अन् सुकी मासळी घेऊन गेलो. मांजरं पार रानटी झालेली. दोन्ही हात ओरबाडून घेतले, एकही हाती लागलं नाई. आपलं पांढरं दगडावर बसून माह्याकडे पाहत होतं. मासळी खाल्ली अन् निघून गेलं. पुढच्या रविवारी ताजी माती फार थोड्या बिळांपुढं दिसली. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून कमी.

उन्हाळा आला अन् पाणी इतकं उतरलं की गाव अन् टेकडीच्या मधात चिखलाची वाट उघडी पडली. मग काय, मांजरं एकामागं एक चालत घरी! आपलं पांढरं थेट चुलीपाशी, दुधाच्या गंजाजवळ. गाव धरणाले नावं ठेवत होतं, अन् मी उलटा टेकडीकडे पळत होतो. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी वाकून पाह्यलं. कोळ्यांची जाळी धरलेली. ऊन उतरेपर्यंत बसलो. एकानंही उडी मारली नाई.

पण आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, तेच झुपक्याचे उंदीर आहेत, मी पाह्यलेत! वाट उघडी आहे तोवर त्यांच्यातले चार-दोन टेकडीवर गेले तर? गेले तरी, पाणी चढलं की गाव पुन्हा पोती बांधणारच. चाचाले विचारलं, आता तरी मांजरं नेणं थांबवाल काय? तो म्हणाला, "मले मांजर न्यायची हौस नाई बेटा. घरचे म्हणतात, दूध वाचव. तू वाचव, मी नेत नाई."

म्हणून परवा मायले नवं शिंकं विणून आढ्याले टांगून दिलं. दूध त्याच्यात, मांजर खाली बसून वर पाहते. माय आता गंज शिंक्यातच ठेवते. आज बाजारातून सुतळी घेतली, मांजरं सोडलेल्या बाकीच्या साऱ्या घरांपुरती. ढग येऊन राह्यले, अन् माहं एक शिंकं विणायले दोन दिवस लागतात.

बस लागली.