सदुसष्ट वर्षांचा पोचा

धानोऱ्याच्या मगनअण्णा मिस्त्रींना पोचा दिसला की राहवत नाही. लग्नाला गेले तर आहेरात आलेली पातेली उलटी करून बघतात. मागे कोरीटला एका घरी दुखवट्याला बसायला गेले होते. चहाला उशीर होत होता, तेवढ्यात त्यांनी समोरच्या तांब्यात हात घालून अंगठ्याने त्याचा पोचा काढून टाकला. घरचे म्हातारबाबा डोळे पुसत तांब्या घ्यायला वाकले, त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हाऊ आमना नही शे."

अण्णांची पत्र्याची शेड आमच्या घरासमोर आहे. पाटी नाही. त्यांचे वडील ॲल्युमिनियमची भांडी ठोकून नीट करत गावोगाव फिरायचे. अण्णा तीच लाकडी मोगरी आणि तीच वाळूची पिशवी घेऊन चाळीस वर्षं गाड्या नीट करतात. लोखंडी पत्रा ठोकणारे नंदुरबारात पुष्कळ आहेत. ॲल्युमिनियमला हात लावणारे मात्र हेच.

"मन्हा हातखालथीन गयी ती गाडी मायना पोटमाईन निंघेल सारखी दिखस," असं ते सांगतात.

"मंग आपला नाकले काय व्हयनं?" रंजनाबाई आतून विचारतात. अण्णांचं नाक लहानपणी बैलगाडीवरून पडल्यापासून वाकडं आहे.

मागच्या जानेवारीत गावात एक लाल गाडी आली. दोन माणसांची, छत नसलेली, इतकी बुटकी की नवलसिंगला ट्रॅक्टर मागे घेताना ती दिसलीच नाही. मिरच्यांनी भरलेल्या ट्रॉलीने तिचं डावं मडगार्ड चाकावर दाबलं. गाडीतून सत्तरीचे एक गृहस्थ उतरले, आधी चार वेळा शिंकले आणि मग मडगार्डजवळ उकिडवे बसले. ते सुरतेचे हेमकांतभाई. जुन्या गाड्यांचे शौकीन मित्र मिळून तोरणमाळला निघाले होते. आजोळ कोरीटचं, म्हणून मामाचं घर बघायला हे एकटेच वाट वाकडी करून आले होते.

लोकांनी गाडी ढकलत अण्णांच्या शेडसमोर आणली. अण्णांनी मडगार्डच्या आत हात घातला, डोळे मिटले आणि आतल्या आत चाचपत राहिले.

"हाई मशीनवर बनेल नही शे," ते म्हणाले. "हातनं ठोकेल शे. आनि ठोकनारा डावखुरा व्हता."

हेमकांतभाई त्यांच्याकडे बघतच राहिले. गाडी इटलीतल्या एका लहान कारखान्यात बनली होती. तिथला पत्रे ठोकणारा कारागीर डावखुरा होता, हे त्यांच्याजवळच्या जाड फाइलमध्ये लिहिलेलं होतं. फाइल तर अजून पिशवीतून बाहेरही आली नव्हती. सुरतेहून गाडी न्यायला ट्रक मागवायचा विचार त्यांनी सोडला आणि किल्ली अण्णांच्या हातावर ठेवली. "मडगार्ड तेवढं चाकावरून उचला, मगनभाई. दोन दिवसांनी येतो." मित्रांची दुसरी गाडी त्यांना तोरणमाळला घेऊन गेली.

उजव्या दाराच्या मागे एक पोचा होता. ताटलीएवढा, मध्ये खोल, रंग उडालेला, उघड्या ॲल्युमिनियमचा. त्याबद्दल हेमकांतभाई काहीच बोलले नाहीत. गाडी त्यांच्याकडे तीस वर्षं होती. तो कुणी काढील, हे तेवढ्या काळात त्यांच्या मनात आलं नव्हतं.

मडगार्ड एका दिवसात झालं. दुसऱ्या दिवशी अण्णांना काम नव्हतं, आणि पोचा तर समोर होता.

हेमकांतभाई परत आले तेव्हा अण्णांनी त्यांना आधी डावीकडे नेलं. मडगार्डवर ट्रॉलीची खूणसुद्धा उरली नव्हती. हेमकांतभाईंनी हात जोडले. मग अण्णा त्यांना उजवीकडे घेऊन गेले आणि लाजत म्हणाले, "त्याना पैसा नको, शेठ. जुना पोचा व्हता. मी काढी टाकं."

हेमकांतभाई तिथल्याच एका टायरवर बसले. रंजनाबाईंनी पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं, पण प्याले नाहीत. मग त्यांनी फाइल उघडली, त्यातला एक जुना फोटो काढला आणि सावकाश सांगू लागले. आम्ही सगळे उभे राहून ऐकत होतो.

एकोणीसशे सत्तावन्न साली ही गाडी समुद्राकाठच्या एका गावी बारा तासांच्या शर्यतीत धावली. नवव्या तासाला दुसऱ्या गाडीच्या चाकाचा मोठा नट या जागी घुसला आणि पत्रा टायरला घासू लागला. मेकॅनिकने आतून हातोड्याच्या दांड्याचे तीन ठोसे दिले, पत्रा टायरपासून सुटला आणि गाडी आणखी तीन तास पळून दुसरी आली. तेव्हापासून पाच मालक झाले, दोनदा रंग झाला, इंजिनही बदललं. तो पोचा मात्र कुणी काढला नाही.

"कागद काय, कुणीही करतो," हेमकांतभाई म्हणाले. "याच चासी नंबरची आणखी एक गाडी एका माणसाजवळ आहे. तोही म्हणतो, माझीच खरी. एप्रिलमध्ये जाणकार येणार, शर्यतीनंतरच्या या फोटोशी पोचा जुळवून बघणार. म्हणजे आता माझी गाडी नुसती एक लाल गाडी."

 अण्णा फोटो हातात घेऊन उन्हात गेले. नवलसिंगला राहवलं नाही. "मी एक पोचा पाडा तं बठा गाव मन्हावर उठनं. अण्णानं काढा, त्याले कोनी काही बोलत नही."

"मी परत घालसू," अण्णा उन्हातूनच म्हणाले.

हेमकांतभाई कसनुसं हसले. पण अण्णांनी आतून हात घातला होता. तीन ठोशांपैकी दोन त्यांनीच सपाट केले होते. तिसरा एका पट्टीच्या मागे होता, हातोडी पोचत नव्हती म्हणून राहिला होता. त्या एका खुणेवरून बाकीचं मोजता येईल, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी त्या जागेवर साबण चोळला, खालून बर्नरची आच दिली आणि साबण काळा पडेपर्यंत थांबले. ॲल्युमिनियम मऊ झालं की साबण असं सांगतो. मग पत्रा निवला, अण्णांनी हातोडी उचलली आणि तशीच धरून उभे राहिले. चाळीस वर्षांत त्या हाताने धड पत्र्याला मारलं नव्हतं. त्यांनी हातोडी बदलली. कपाळ पुसलं. फोटो पुन्हा पाहिला.

"चाळीस वरीस पोचा काढी ऱ्हायनात," रंजनाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "एक घालता येस नही का?"

"हातोडीनं नही व्हवाव. नटना तोंडसारखं गोल काही पाहिजे."

रंजनाबाई आत गेल्या आणि मिरच्या कुटायचा लोखंडी बत्ता घेऊन आल्या. लुगड्याच्या पदराने पुसून त्यांनी तो पुढे केला. "मन्ही सासूना शे. वाकाडा करू नका."

पहिला ठोसा पडला तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. पुढचं काम मात्र उघड्या डोळ्यांनी, चहाच्या दोन खेपा होईपर्यंत चाललं. आधी बाहेरून बत्ता, मग आतून हातोड्याच्या दांड्याचे दोन ठोसे, तिसऱ्या खुणेपासून बोटांनी अंतर मोजून. शेवटी त्यांनी हेमकांतभाईंना बोलावलं. हेमकांतभाईंनी फोटो बघितला नाही. त्यांनी पोच्यावर तळवा ठेवला.

"जरा खोल होता. खालच्या बाजूला."

अण्णांनी एकच ठोसा दिला.

हेमकांतभाईंनी पुन्हा तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग हळूच म्हणाले, "हे इथंच राहू द्या, मगनभाई. कुणाला कळणार नाही."

"नही, शेठ. बाहेरथीन डोळा फसी. मझारथीन हात फसाव नही. त्या डावखुराले मी वळखं, तसं माले बी कोनी वळखी. लिखी ठेवा."

हेमकांतभाईंनी मान खाली घातली. लिहून देणं म्हणजे त्या दुसऱ्या गाडीवाल्याच्या हातात कोलीत देणं. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी फाइलचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि पेन अण्णांना दिलं. अण्णांनी जन्मभर अहिराणीत बोलून मराठी फक्त तलाठी कार्यालयात ऐकली आहे, त्यामुळे त्यांनी लिहिलं ते असं: "मी मगन मिस्त्री, रा. धानोरा, लिहून देतो की, सदर गाडीचा सदर पोचा माझे हातून चुकीने निघाला असून तो मीच पूर्ववत घातला आहे. आतील तिसरी खूण मूळची आहे, तिला हात लावलेला नाही. बत्ता सौ. रंजनाबाई यांचा." खाली सही आणि साक्षीदार म्हणून नवलसिंग.

एप्रिल उजाडेपर्यंत अण्णांना गावाने सुखाने जगू दिलं नाही. कुणी फटफटी घेऊन येई आणि म्हणे, अण्णा, हिला पण सत्तावन्न सालचा एक घाला. अण्णा हसत, पण मोगरी उचलताना आता त्यांचा हात थोडा रेंगाळे.

मग हेमकांतभाईंचा फोन आला. जाणकाराने आतून हात घातला, पट्टीमागची तिसरी खूण शोधली आणि तिचा साचा घेतला. दुसऱ्या गाडीत त्या जागी काहीच नव्हतं, म्हणून खरी ठरली ती हीच. अण्णांचं पान त्याने वाचून घेतलं, बत्ता म्हणजे काय ते विचारलं, आणि गाडीच्या इतिहासात शेवटची ओळ धानोऱ्याची लावली.

अण्णांनी फोन ठेवला आणि छाती काढून आत बघितलं.

रंजनाबाई बत्त्याने मिरच्या कुटत होत्या. "पट्टीमांगे हात पुरना नही म्हनीसन वाचनात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नवलसिंगने जीप आणली. दार आत गेलेलं. अण्णांनी त्यावर हात फिरवला, आणि मोगरी न उचलता त्याला विचारलं, "काढू का ऱ्हाऊ देऊ?"

"अण्णा, फाटकले ठोकायनी. काल."

"तरी इचार कर," अण्णा म्हणाले.