तुपातला सेकंड हाफ

केंब्रिजमध्ये आमच्या आणि शेजारच्या कॉलेजची फुटबॉल मॅच म्हणजे निव्वळ भाऊबंदकी. दर वर्षी आमच्याच मुली जिंकायच्या. यंदा शेजाऱ्यांच्या गोलकीपरचे आजोबा, कानांवर मफलर, हातात स्टीलचा डबा, हाफटाइमला थेट आमच्या टीमकडे आले. मुली संत्र्याच्या फोडी चोखत होत्या. यांनी नारळाएवढे बेसनाचे लाडू वाटले.

"अहो आजोबा, ही तर विरोधी टीम!" मी, या टीमचा कोच, म्हणालो.

"मग? शेजाऱ्यांना उपाशी खेळवायचं का?" ते मिशीत हसले.

सेकंड हाफमध्ये आमची स्ट्रायकर धावता धावता पेंगली. मला ओरडताही येईना. तीन लाडू मीही हाणले होते. त्यांची नात जिंकली.

निघताना आजोबा माझ्या कानात कुजबुजले, "पुढच्या वर्षी पुरणपोळी!"

आमच्या टीमला मी हे अजून सांगितलेलं नाही. पोळी मलाही मिळणार आहे.