शेहेचाळीस घरांचा नकाशा

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे आमचे घरमालक रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या आपल्या गावातून फेरी मारून येत. गाव चेक देशात, सरहद्दीला लागून. युद्धानंतर तिथल्या जर्मन माणसांना एकेका बोचक्यानिशी बाहेर काढलं आणि रिकामं पडलेलं गाव पुढे बुलडोझर लावून पाडलं. गाव सुटलं तेव्हा हे चौदा वर्षांचे. आम्ही मराठी विद्यार्थी त्यांना आजोबाच म्हणायचो. अर्थ कळल्यावर म्हणाले, "हो, चालेल."

त्यांनी आठवून काढलेला पेन्सिलीचा नकाशा होता. ओढा, तळं, चॅपल आणि नंबर घातलेली शेहेचाळीस घरं. खोडून खोडून कागद मऊ पडला होता. "आल्झो, तर मग तळ्यापासून," म्हणत ते बोट ठेवायचे आणि कुणाचा कुत्रा चावरा होता, कुठे जावाजावांचं पटत नव्हतं, ते सांगायचे. चार घरं झाली की दमायचे. "माणसं जातातच," म्हणायचे, "पत्ता राहिला पाहिजे."

गावची उरलीसुरली माणसं दर उन्हाळ्यात एकत्र जमत. सगळी घरं आठवणारे आता आजोबा एकटेच. तिथे लावायला स्वच्छ प्रत करून दे, असं ते मला म्हणाले. प्रबंधाने मी आधीच टेकीला आलो होतो, पण त्यांना नाही कसं म्हणणार? दोन रविवार घालवून कॉम्प्युटरवर झकास नकाशा काढला. नंबर मात्र अस्ताव्यस्त होते, सातच्या शेजारी एकेचाळीस. म्हाताऱ्याचा गोंधळ झाला असेल असं समजून मी ते रस्त्याने ओळीत लावून टाकले आणि जुना कागद रद्दीच्या डब्यात टाकला. इंजिनिअरची अक्कल, दुसरं काय.

आजोबांनी नव्या नंबरांवरून बोट फिरवलं. "आमच्याकडे घर बांधलं की पुढचा नंबर मिळायचा. एक म्हणजे सगळ्यात जुनं. सातचा मुलगा वेगळा झाला, त्याचं एकेचाळीस." मग हळूच विचारलं, "माझा कागद कुठाय?"

मी खाली धावलो. डबा सकाळीच नेऊन रिकामा केला होता.

ते रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. "परत सुरुवात करू," एवढंच म्हणाले. माझ्याच प्रतीवर रोज एखाददुसरं घर दुरुस्त करायचे. मध्येच हात थांबायचा, डोळे मिटायचे, "उद्या" म्हणायचे. एकतीस घरं झाली आणि मे महिन्यात ते गेले.

मेळाव्याला नकाशा मीच घेऊन गेलो. उरलेल्या पंधरा घरांवरचे माझे नंबर पुसले होते. काठी टेकत एक म्हातारी आली, एका कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "हे आमचं." नंबर काही तिला आठवेना. माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला सगळे पाठ आहेत. कुठे बसलाय तो?"

आजोबा गेल्याचं आणि कागदाचं, दोन्ही मलाच सांगावं लागलं.