कुम्हारीत मला मराठी येत नव्हतं

भिलाईतल्या मराठी घरांत मराठीचा एक असा उपयोग आहे, जो पुण्याकडच्या लोकांच्या कधी ध्यानात यायचा नाही. चारचौघांत बसून चारचौघांना कळू नये असं काही बोलायचं असलं, की आम्ही मराठीत बोलतो. माझी आई वैशाली नगरच्या बाजारात साडीवाल्याकडे बघून गोड हसायची आणि त्याच हसऱ्या तोंडाने मला म्हणायची, "चाल, हा लुटून राहिला." मग त्याला हिंदीत, "भैया, कल आते हैं." बाबा स्टील प्लांटमध्ये, आम्ही भावंडं हिंदी शाळेत, बाहेर सगळा कारभार हिंदीचा. मराठी ही घराची आतली कडी होती.

अर्थशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी एका संशोधनाच्या कामाला लागले. नववीतल्या मुलींना सरकार सायकल देतं. सायकल मिळाल्यामुळे मुली शाळेत टिकतात का, एवढंच शोधायचं होतं. वाटतं तितकं सोपं नसतं ते. प्रश्न सगळ्यांना त्याच शब्दांत, हिंदीत नाहीतर छत्तीसगढीत विचारायचे. ओळखपाळख काढायची नाही, चहा घ्यायचा नाही. समोरचा माणूस आपला निघाला, की लोक त्याला आवडेल तेच सांगतात, म्हणून हे नियम. मला ते पटले होते. अजूनही पटतात, हीच तर गोम आहे.

माझ्याकडे फेरतपासणी होती. आधी कुणी विचारून आलेले प्रश्न मी अचानक जाऊन पुन्हा विचारायचे, म्हणजे त्या पहिल्या माणसाने झाडाखाली बसून मनाची उत्तरं भरली नाहीत ना, ते कळतं. या कामाचा मला थोडा माज होता. कोण खोटं बोलतंय हे मी चेहऱ्यावरून ओळखते, असं मी ऑफिसात सांगत फिरायचे.

भिलाईजवळच्या कुम्हारीत, हायवेच्या मागच्या बाजूला, एका खोलीचं घर होतं. दारात सायकल उभी होती, हॅन्डलला डब्याची पिशवी. आत एक म्हातारी खाटेवर, तिची सून कारखान्यात जायच्या तयारीत, आणि सुनेची मुलगी, जिच्यासाठी मी आले होते. मी हिंदीत नमस्कार केला. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि सुनेला विचारलं, "कोन आलं वं?"

"सायकलवाली मॅडम हाय," सून म्हणाली. "पहिले एक येऊन गेली, आता ही. पंख्याखाली बसून पगार खातेत अन् आपला टाइम खराब करतेत."

मला हसू आलं ते मी गिळलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, काकू, मलाही कळतं हो. म्हणाले नाही. नियम आठवला हे खरं, पण चोरून ऐकायची मजाही वाटली, हेही खरं.

मी मुलीला पहिला प्रश्न विचारला. "स्कूल रोज जाती हो?" मुलीने आईकडे बघितलं.

म्हातारी मध्येच बोलली. "सांगून टाका ना खरं. मी नळावर पडली तवापासून पोरगी माह्यापाशी बसून हाय. यंदा नाव कटलं तर मंग कोनी घेनार नाही तिले. ही मॅडम शाळेत कोनाशी बोलन, काही सोय करन."

"काही नाही करत हे लोक," सून म्हणाली. "पोरगी शाळेत जात नाही म्हटलं का सायकल उचलून नेतीन. मंग मी कामावर काय पायी जाऊ? अन् तुमच्यापाशी कोन बसन?" आणि मुलीला, तोंडावर माझ्या आईसारखंच हसू ठेवून, "जाते म्हन."

"जाती हूँ," मुलगी म्हणाली.

मला सगळं समजलं होतं, आणि खरं सांगू, मला आनंद झाला. सायकल शाळेऐवजी कारखान्यात जाते, हे उत्तर असं आयतं कोणाच्या पदरात पडतं? पण तपासणीचा नियम असा, की महत्त्वाचा प्रश्न शेवटी फिरवून पुन्हा विचारायचा. मी विचारला. पिछले हफ्ते भी गई थी? या वेळी मुलीने आईकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हाँ." तोंडाने सांगितलं तेच भरायचं, म्हणून मी टॅबलेटवर तेच भरलं आणि उठले.

मला दारापर्यंत सोडायला म्हातारी चाचपडत खाटेवरून उतरली. तिचं पाऊल उंबऱ्याशी अडखळलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, हळू. उंबरठा हाय तिथं."

म्हातारीने माझा हात धरला. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती हरखली. "अवं, आपल्यातलीच हाय का तू? कोन्या गावची?" मूळची भंडाऱ्याकडची, मी म्हटलं. "मंग चहा पिऊन जा. आपल्या मानसाले काय लाजतं. मी तर म्हनतच होती हिले, पोरीची गोष्ट सांग म्हनून." तिच्या लेखी आता सगळं सोपं झालं होतं. घरचं माणूस आलं होतं, पोरीची शाळा सुरू होणार होती.

सून मात्र भिंतीला टेकली होती. तिने पदर सारखा केला. म्हणाली, "मॅडम, ते पगार खाते म्हटलं, ते मनावर घेऊ नका. चूक झाली." चूक तिची झाली म्हणे. माझे कान तापले. त्या घरात मी तोंड लपवू कुठे, असं झालं. मी काहीतरी पुटपुटत चपला घालायला लागले, त्याही धड पायात जाईनात.

मुलगी माझ्या मागोमाग बाहेर आली. सायकलच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"दीदी, तुमाले सगळं समजून राहिलं होतं," ती म्हणाली. "मंग दुसऱ्यांदा मले कावून विचारलं?"

आणि मी, देवाशप्पथ, तिला हिंदीत उत्तर दिलं.