खांबामागचे पाच तटस्थ

आमच्या मार्केटात तिला सगळे ‘टेप’ म्हणतात. सकाळी शटर वर गेलं की मोजायची टेप तिच्या गळ्यात पडते, ती शटर ओढतानाच निघते. वय सव्वीस, काम लेडीज टेलरचं, दुकान आत्याचं. आत्याचे डोळे अधू झाले तसं मशीन हिच्याकडे आलं. बोलते कमी, कारण निम्मा वेळ ओठांत टाचण्या असतात. आणि एक खोड आहे, कुणाच्या नुसत्या सांगण्यावर ती कापडाला कात्री लावत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, “गेल्या वर्षीचंच माप आहे गं,” तरी ही टेप सोडवून उभीच. मला ही खोड आगाऊपणाची वाटायची. खरं सांगायचं तर ती अख्खीच मला आगाऊ वाटायची.

मी कोण, तर समोरचा स्टेशनरीवाला आणि अकरा वर्षं व्यापारी मंडळाचा सेक्रेटरी. सभेचं इतिवृत्त मी लिहितो आणि मतदानाचे हातही मीच मोजतो. अक्षर मोत्यासारखं आहे, असं लोक म्हणतात, मी नाही. एका दुकानाला एक हात, असा नियम. मोजणाऱ्यानं हात वर करायचा नाही, म्हणून आमच्या दुकानाचा हात बायकोकडे. ती सभेला यायची, मागे कुठेतरी बसायची. “हात वर करत नाहीस तर येतेस कशाला?” असं मी तिला चिडवायचो. “करते की,” ती म्हणायची. मी ते थट्टेवारी न्यायचो.

टेपच्या दुकानात पडद्याआड माप देताना बायका मोकळेपणानं बोलत. मार्केटात पुरुषांसाठी स्वच्छतागृह होतं, बायकांसाठी नव्हतं. त्यामुळे भाजीवालीपासून औषधवाल्याच्या सुनेपर्यंत कुणी दिवसभर पाण्याचा घोट घेत नसे. दोघींना तर डॉक्टरांनी चांगलाच दम भरला होता. आणि मी चारचौघांत फुशारकी मारायचो, “आमची ही गल्ल्यावर बसली की पाणीसुद्धा मागत नाही.”

टेपनं मंडळाला अर्ज दिला, मागचं बंद गोदाम बायकांच्या स्वच्छतागृहासाठी द्या. अध्यक्ष होते हार्डवेअरवाले. त्यांना त्या जागेत स्कूटर लावायच्या होत्या.

“आता मार्केटात स्त्रीमुक्ती का?” ते म्हणाले.

“आधी मोकळं व्हायची सोय करा काका, मुक्तीचं मग बघू.”

मला हसू फुटलं होतं, पण अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं तसं ते गिळलं.

सभेच्या आदल्या दिवशी ती माझ्या दुकानात आली आणि जुन्या इतिवृत्तांची वही मागितली. काउंटरपाशी उभ्यानंच वाचत राहिली. मग ओठांतली टाचणी काढून म्हणाली, “काका, हे तटस्थ कोण?”

“कुठले?”

“प्रत्येक सभेत आहेत. दिव्यांच्या ठरावाला पाच तटस्थ. गेटच्या ठरावाला पाच. सभेची वेळ बदलायच्या ठरावाला सहा.”

“हजेरीतून वर आलेले हात वजा केले की उरतात ते तटस्थ. साधी गोष्ट आहे.”

“त्यांना कधी पाहिलंय तुम्ही?”

माझं डोकं फिरलं. “अकरा वर्षं मोजतोय मी. तू आपले कपडे मोज.”

तिनं टाचणी पुन्हा ओठांत धरली आणि निघून गेली.

आमचा हॉल वरच्या मजल्यावर आहे आणि त्याच्या मधोमध एक जाडजूड खांब आहे. बायका नेहमी खांबामागे बसत, कारण दार तिकडेच. कुणाचं दुकान खाली उघडं, कुणाचं पोर घरी झोपलेलं, पटकन उठता यावं म्हणून. त्या दिवशी मी आणि अध्यक्ष सोडून एक्केचाळीस सह्या होत्या. मी खुर्चीत बसून पेनानं हात मोजले. स्वच्छतागृहासाठी सतरा, स्कूटरसाठी एकोणीस. अध्यक्ष निकाल सांगणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून टेप उठली.

“काका, आमचे हात पुन्हा मोजा. खुर्चीतून नको, चालत.”

“सेक्रेटरींवर विश्वास नाही का तुझा?” अध्यक्ष म्हणाले.

“आहे. म्हणून तर त्यांनाच सांगतेय.”

मी उठलो तो रागानंच. हिला एकदाची खोटी पाडावी म्हणून गुडघे धरत निघालो. खांबापर्यंत सतरा झाले. खांब ओलांडला आणि थांबलो. पाच खुर्च्या, पाच हात वर. भाजीवाली, चपलांच्या दुकानातली थोरली, औषधवाल्याची सून, किल्लीवाल्याची आई आणि शेवटच्या खुर्चीवर माझी बायको.

“तू कधीपासून...” मी कसंबसं म्हणालो.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली. “हात दुखतोय, मोजा आता.”

बावीस विरुद्ध एकोणीस. निकाल मीच वाचला. मला फार लाज वाटली, पण आवाज चढवूनच वाचला. इतिवृत्तात ‘तटस्थ: कोणी नाही’ असं लिहिलं आणि खाली टीप टाकली, की आजवरची मोजणी चुकीची होती आणि ती चूक मोजणाऱ्याची आहे. टेपनं ते दोनदा वाचून सही केली. सवयच ती, जाते कुठे?

पुढच्या निवडणुकीत ती अध्यक्ष झाली. नाव हार्डवेअरवाल्यांनीच सुचवलं, कारण त्यांची मुलगी आता त्यांच्या दुकानात बसते. टेपनं खुर्च्यांची तोंडं फिरवली, सभेची वेळ दुपारची केली आणि सेक्रेटरी तोच ठेवला. “अक्षर चांगलं आहे काकांचं,” म्हणाली, “आणि आता चालतातही.” मला ती अजून आगाऊच वाटते, पण तिच्याबद्दल वेडंवाकडं बोलणाऱ्याला मी दुकानात उभं करत नाही.

स्वच्छतागृह उघडलं त्या दिवशी दुपारी बायको गल्ल्यावरून म्हणाली, “अहो, जरा पाणी द्या.”

मी बाटली दिली. तिनं ती एका दमात रिकामी केली आणि पुन्हा माझ्यापुढे धरली.

“अजून आहे का?”

मी बाटली घेऊन भरायला निघालो.