चकातलं तेल

दोष दामूमिस्त्रीचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी माझ्याकडे बघायला नको. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका बराकीत लाकडाला खाचा पाडणारं राऊटर मशीन होतं. त्यावर मी म्हाताऱ्या दामूमिस्त्रीच्या हाताखाली दीड वर्ष काढलं. मॅट्रिक अर्धवट सोडलेल्याला दुसरीकडे कोण उभं करणार? एका मशीनचे किस्से असून असून किती असणार, म्हणाल. पण म्हातारी माणसं जिथे देव आणि यंत्र एकाच बाटलीतल्या तेलावर चालवतात, तिथे किस्से भुशासारखे साचतात. झाडलं की पुन्हा घोटाभर!

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. अंबरनाथच्या एका साहेबाची सागवानी कपाटं होती. फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन सूत, म्हणजे पाव इंच, खोल खाच पाडायची. सुरुवातीला बरोबर दोन सूत. मध्यावर तीन. शेवटाला बिट, म्हणजे कापणारं पातं, फळीच्या आरपार, खालच्या लोखंडी टेबलावर किंचाळतंय! माझी बोटं तिथून चार इंचांवर.

मी कशालाही हात लावला नव्हता. वरून टांगलेलं बिट फिरता फिरता आपणहून खाली सरकलं होतं.

"सरकलं कुठलं?" दामूमिस्त्री म्हणाला. "खालून कुणीतरी ओढलं."

मशीन लष्कराच्या लिलावातलं. त्यावर आधी कोण होता, त्याचं काय झालं, विचारलं की मिस्त्री नुसता टेबलाखाली बघायचा.

*

त्याचा इलाज ऐका. रोज सकाळी बिट काढायचं. ते पकडणारा चक, म्हणजे फटी पाडलेलं बोटभर नळकांडं, त्यात शेंदूर कालवलेलं तेल बोटाने आतून फिरवायचं, हात जोडायचे, बिट परत घालायचं. ज्याने बिट घट्ट धरायचं त्यालाच तेल! शिवाय बिट चकाच्या पार तळाला टेकवून नट आवळायचा. तळाला टेकलं की पकड बसत नाही, हे मला आठवड्यात कळलं. त्याला तीस वर्षांत नाही.

मी शेठकडे गेलो. शेठ सिंधी, कराचीहून आलेला. तो मिस्त्रीवर ओरडला, "मशीन है बाबा, पीर नहीं है!" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मशीनपुढे गोड भात ठेवून गेला.

"पुट," शेठ मला सिंधीत पोरा म्हणायचा, "अपना क्या जाता है?"

"बोटं जातात, शेठ! माझी!"

*

शेवटी मीच चक रॉकेलमध्ये बुडवला. आतून निघालं काय? डिंक, भुसा, शेंदूर, सगळ्याची काळी चिकी. घासला, कोरडा केला, बिटाची दांडी पुसली, तळापासून सूतभर वर उचलून दोन पान्यांनी आवळली. चाळीस फळ्या कापल्या. सगळ्या दोन सूत!

"ए मॅट्रिक," मिस्त्री म्हणाला, "त्याचं खाणं तोडलंस तू."

"राहू दे की उपाशी. उपाशीपोटी बरं काम करतोय!"

शेठने मिस्त्रीला माझ्यासमोर आईची शपथ घ्यायला लावली, पुन्हा चकात बोट घालणार नाही म्हणून. शपथ घेताना म्हातारा आमच्याकडे बघतच नव्हता. टेबलाकडे बघत होता.

*

पंधरा दिवसांनी तो हिवतापाने पडला, बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी. मी म्हटलं, सुटलो. बराकीची एकुलती किल्ली माझ्याकडे. मेन स्विच मी स्वतः पाडून निघायचो.

सोमवारी कुलूप उघडलं. चक ओला. तेल आणि शेंदूर, ताजा. पुसला.

मंगळवारी पुन्हा ओला.

"चाबी तो तेरे पास है, पुट," शेठ म्हणाला. त्या दिवसापासून तो बराकीत पाऊल टाकेना. जे काय ते दारातूनच.

बुधवारीही तेच. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी निघताना चकच काढून खिशात घातला. घाल आता तेल, कशात घालतोस बघू!

*

गुरुवारी सकाळी तडक बदलापूर गाठलं. चक खिशात, कोरडा ठणठणीत. म्हाताऱ्याने दुसरी किल्ली करून कुणालातरी पाठवलंय, याची मला खात्री होती. चार शब्द ऐकवायचेच होते.

दार त्याच्या बायकोने उघडलं. "हळू बोल बाबा. आठ दिस झाले, बाजेवरून उठले नाहीत. मोरीवरसुद्धा मीच धरून नेते."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडलेला. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. फडकं लाल. शेंदूर असेल म्हणून मी वाकून बघितलं. शेंदूर नव्हता.

"हे कधी झालं?"

"आज उजाडताना. झोपेतच ओरडले. बघते तर हे असं. हाताशी विळी नाही, कोयता नाही, काही नाही."

मिस्त्रीने मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"मॅट्रिक," तो म्हणाला, "चक कुठे ठेवलास रे? जागेवर नव्हता. मी आपला मशीनच्या आत बोटं घालून चाचपत बसलो."

उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं, दुसऱ्या पेरापासून.