खोक्यावरचा क्रमांक

आखाती युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात जिंतूरजवळच्या एका गावात विहिरीत सुरुंग भरताना स्फोट झाला. माझ्या काकाचा उजवा हात मनगटापासून गेला. नामांतराच्या दंगलीत घर जळाल्यावरही तो विहिरीच्या याच मालकाच्या कामावर राहिला होता.

मी परभणीच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. बातमीसाठी मालकाच्या अंगणात गेलो. त्यांनी चहा सांगितला. आमच्यासाठीचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असे. तो मीच काढला. चहा प्यालो, कप विसळला, पुन्हा कोनाड्यात पालथा घातला. कोणी सांगितलं नव्हतं.

"पिऊन होता. तसंच लिव्ह," मालक म्हणाले.

मी तसंच लिहिलं. चार ओळी. त्याच अंकात पहिल्या पानावर माझा लेख होता: बगदादवर पडणारे बॉम्ब कोण बनवतं, त्यामागे पैसा कुणाचा. वर माझं नाव होतं, आडनाव नव्हतं. ते मीच गाळत असे.

काकाने दवाखान्यात बातमी वाचून घेतली.

"मी कवा पिलो रं?" एवढंच विचारलं. मग म्हणाला, "कांड्यांना घाम सुटला व्हता, जुन्या झाल्या की सुटतो तसा. मालकाला सांगितलं व्हतं मी."

काकूने पिशवीतून त्याच जिलेटीनच्या कांड्यांचं रिकामं खोकं काढलं. विहिरीवरची अशी खोकी ती भाकरी ठेवायला घरी आणायची.

"बगदादचा बारूद कुठून आला ते ठावं हाय तुला. ह्यो कुठून आला ते बी लिव्ह की, सायेब."

खोक्यावर क्रमांक होता. तो घेऊन मी स्फोटकांच्या विक्रेत्याकडे गेलो. त्याच्या वहीत त्या क्रमांकापुढे शेरा होता: जुना माल, नष्ट करणे.

"मालकानं निम्म्या भावात उचलला," तो म्हणाला. "मी न्हाई म्हणलो न्हाई."

दुसरी बाजू घ्यायची असते. पुन्हा मालकाकडे गेलो. त्यांनी चहा सांगितला. मी कोनाड्याकडे गेलो नाही. ओट्यावर त्यांच्यासमोर बसलो.

"चहा नको. कांड्या खराब आहेत हे काकाने तुम्हाला सांगितलं होतं का?"

"गोठ्यात चहा पिणारा तू, मला जाब इचारायलास?"

वाक्य वहीत उतरवून घेतलं.

संपादकांनी बातमी तिसऱ्या पानावर घेतली. क्रमांक, वहीतला शेरा, विक्रेत्याचं म्हणणं, मालकाचं वाक्य जसंच्या तसं. काका पिऊन असल्याचं मी खोटं लिहिलं होतं, हेही छापलं. खाली माझं नाव होतं, आडनावासह.